पाणथरीचे ऑपरेशन : दुर्बिणीने की पोट उघडून?

पावसाळ्यात वस्तीत कुणाला डेंग्यू झाला की ‘पेशी कमी झाल्या’ असे आपण ऐकतो. या पेशी म्हणजे प्लेटलेट्स. जखम झाल्यावर रक्त थांबवण्याचे काम त्या करतात. डेंग्यूत कमी झालेल्या पेशी काही दिवसांत पुन्हा वाढतात. ‘आयटीपी’ या आजारात मात्र शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या पेशींना शत्रू समजते आणि डाव्या बरगड्यांखालची पाणथरी, म्हणजे प्लीहा, त्यांचा नाश करते. निरोगी माणसात दीड ते साडेचार लाख पेशी असतात. या आजारात त्या एक लाखाच्या खाली जातात. अंगावर लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त, पाळीत फार रक्त जाणे ही त्याची लक्षणे. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

लहान मुलांत तो बहुधा आपोआप बरा होतो. मोठ्यांना आधी स्टेरॉइड व इतर औषधे देतात. तरीही गुण आला नाही, तर शक्यतो वर्षभर थांबून मग पाणथरी काढण्याचा विचार होतो. तीनपैकी साधारण दोन रुग्णांना त्याचा दीर्घकाळ फायदा होतो.

पोट उघडून केलेल्या ऑपरेशनमध्ये मोठा छेद घ्यावा लागतो. दुखणे जास्त आणि कामावर परतायला काही आठवडे लागतात. दुर्बिणीने करताना तीन-चार लहान छिद्रे पुरतात. दुखणे कमी असते आणि रुग्ण लवकर घरी जातो. हातावर पोट असणाऱ्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे. मात्र या ऑपरेशनला वेळ जास्त लागू शकतो. रक्तस्राव आवरला नाही तर डॉक्टरांना मध्येच पोट उघडावे लागते. ती चूक नव्हे, जीव वाचवण्याचा निर्णय असतो.

पेशी वाढण्याच्या बाबतीत दोन्ही पद्धती जवळपास सारख्याच. म्हणून दुर्बीण मिळाली नाही तर इलाज अर्धवट झाला, असे समजू नका.

उलट, छिद्र लहान म्हणून ऑपरेशनही लहान, असे मानू नका. कसेही काढले तरी पाणथरी गेलेली असते आणि काही जंतूंशी लढण्याची ताकद आयुष्यभर कमी होते. म्हणून न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब यांच्या लसी ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी घ्याव्यात. नंतर, मग दहा वर्षांनी का होईना, थंडी वाजून ताप आला तर घरी गोळी घेऊन झोपू नका. त्याच तासाला दवाखाना गाठा आणि ‘पाणथरी काढली आहे’ हे आधी सांगा. तशी चिठ्ठी पाकिटात ठेवा, घरच्यांनाही माहीत असू द्या.

सही करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा : औषधांचा दुसरा मार्ग उरला आहे का? आमच्यासाठी कोणती पद्धत योग्य आणि का? लसी कधी? कर्ज काढण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपले ऑपरेशन बसते का, तेही विचारा. प्रश्न विचारणे हा आपला हक्क आहे.