रत्नागिरीहून दुबईला मुलांकडे जाताना

पहिला टप्पा रेल्वेचा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक लागतं, गाड्या सावकाश धावतात आणि दरड आली तर अडकतात. तेव्हा आदल्या दिवशीच मुंबई गाठा. सामान जास्त असेल तर ठाण्याला उतरून टॅक्सीने विमानतळाच्या टर्मिनल २ ला जाणं दादरच्या जिन्यांपेक्षा सोपं.

खसखस अजिबात नेऊ नका. संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे, प्रकरण थेट पोलिसांपर्यंत जातं. सुटी पुडी कुणी नेणार नाही. पण घरच्या मसाल्यात, करंजीच्या सारणात, अनारशांवर ती असतेच. लेकीसाठी फराळ न्यायचाच तर खसखस न घालता करा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलच्या वेदनाशामक गोळ्या यांना तिथल्या सरकारची आधी परवानगी लागते. नुसती डॉक्टरांची चिठ्ठी पुरत नाही.

दुबईत फिरायला मेट्रो उत्तम. २००९ पासून धावणारी ही गाडी बिनचालकाची. विमानतळाच्या टर्मिनल १ आणि ३ ला लाल मार्गिकेची स्थानकं आहेत. नोल कार्ड घ्या. आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा टेकवा. महिला-मुलांसाठी राखीव जागा असते. गाडीत खाणंपिणं नको, १०० दिरहम दंड आहे.

तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून ओलांडताना आधी डावीकडे पाहा. आणि दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. रोजच्या गोळ्यांच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्या.