सापाचं अंथरूण

अमेरिकेत असताना माझ्या मुलाने कॉर्न स्नेक पाळला. हा बिनविषारी साप तिथे दुकानात मिळतो. पेटीत काय अंथरायचं, हे काम माझ्याकडे आलं. मी सीडरच्या लाकडाचा भुसा उचलला. म्हटलं, सुवासिक आहे, घाण वास झाकेल. दुकानदाराने थांबवलं. ज्या तेलांमुळे तो सुवास येतो, तीच बंद पेटीत सापाच्या श्वसनाला बाधतात.

मग आस्पेनचा कीस घेतला. त्याला उग्र वास नाही आणि साप त्यात बोगदा करून निवांत लपतो. मात्र भिजला की त्याला बुरशी धरते. तेवढा भाग लगेच काढायचा. आफ्रिकेतल्या बॉल पायथनला दमटपणा लागतो, नाहीतर कात तुकड्यातुकड्यांनी निघते. त्याला नारळाच्या काथ्याचा भुसा चांगला.

आणि साप नवा किंवा आजारी असेल तर? साधं वर्तमानपत्र! विष्ठा, अंगावरचे किडे त्यावर चटकन दिसतात.

आपल्याकडे मात्र हा हौशी प्रयोग नको. नाग, धामण, अजगर घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. त्यांचं अंथरूण म्हणजे रानातला पालापाचोळा. तो तिथेच राहू द्यावा.