नैवेद्याचे छायाचित्र

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस घरोघरी केळीच्या पानावर २१ उकडीच्या मोदकांचा नैवेद्य सिद्ध होतो. परगावी वा परदेशी असलेल्या मुलाबाळांस तो पाहावयास मिळावा, म्हणून त्याचे छायाचित्र घेण्याचा प्रघात आता सर्वत्र रूढ झाला आहे. हेतू स्तुत्यच होय. परंतु पुष्कळदा चित्रात मोदक सपाट दिसतात, तुपावर भगभगीत ठिपका उमटतो आणि पहिल्या रांगेमागील सारे धूसर होते. सुगरणीचे पहाटेपासूनचे कष्ट अशा चित्रात उतरत नाहीत. यास्तव प्रकाश आणि स्पष्टता यांविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम प्रकाश. 'छायाचित्र' या शब्दातच छाया आहे. मोदकाची कळी डोळ्यांस जाणवते ती तिच्या एका अंगास पडलेल्या छायेमुळे. समोरून फ्लॅश टाकला की ही छाया पदार्थामागे लपते व कळ्या पुसल्या जातात; उघड्या उन्हात ती काळी व धारदार होते. पदार्थाच्या जागेवरून प्रकाशाचे उगमस्थान जितके लहान दिसेल, तितकी छायेची कड कठोर, हा नियम आहे. म्हणून पान खिडकीजवळ ठेवावे. खिडकी बाजूस किंवा किंचित मागे असावी. ऊन येत असल्यास तीवर धुतलेले पातळ पांढरे धोतर ताणून बांधावे. मग ते सारे वस्त्रच दिवा होते व छाया मृदू होते. दुसऱ्या अंगास पांढरा पुठ्ठा उभा केल्यास अंधारलेली बाजूही उजळते. विजेचा पिवळा दिवा मात्र मालवावा. दोन रंगांचे प्रकाश मिसळले की भाताचा शुभ्रपणा जातो.

आता स्पष्टता. कॅमेरा फार जवळ नेला व भिंगाचे छिद्र मोठे ठेवले, की पुढचा एकच मोदक स्पष्ट येतो. छिद्राचा आकडा वाढवावा, म्हणजे छिद्र लहान होते. २.८ ऐवजी ८ ठेवल्यास स्पष्टतेची खोली वाढते; परंतु प्रकाश एक-अष्टमांश उरतो. १/६० सेकंदाचे काम मग सुमारे १/८ सेकंदाचे होते व तेवढा वेळ हात स्थिर राहत नाही. कॅमेरा तिपाईवर ठेवावा. अंतर दुप्पट केल्यासही ही खोली सुमारे चौपट होते. मागे सरून घेतलेले चित्र नंतर कातरता येते. मोबाईलमध्ये छिद्र बहुधा कायमचेच असते, पण त्याची स्पष्टता मुळातच खोल असते. त्यातील पार्श्वभूमी धूसर करणारी 'पोर्ट्रेट'ची सोय तेवढी बंद ठेवावी. पूर्ण पान दाखवावयाचे असल्यास बरोबर वरून चित्र घ्यावे. कळ्यांची उंची दाखवावयाची असल्यास पाटावर बसलेल्याच्या दृष्टीने, तिरपे घ्यावे.

शेवटी एक मर्यादा. देवास वाफाळता नैवेद्य अर्पण करावयाचा. तो चित्रासाठी निवत ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही. म्हणून मोदक उकडत असतानाच रिकाम्या पानावर लिंबे मांडून प्रकाश, अंतर व छिद्र जुळवून घ्यावे. नैवेद्याचे पान आले की दोन-तीन चित्रे घ्यावीत आणि पान लगेच देवापुढे न्यावे. चित्र दूरदेशीच्या लेकरांस पोहोचेल. प्रसाद मात्र ऊनऊनच वाटला जावा. श्रीगजानन सर्वांचे मंगल करो.