यंत्रांची मांडणी आणि लिहून ठेवण्याची शिस्त

ताथवडे हें गांव मुंबई-बंगळूर महामार्गालगत, वाकड व पुनावळे यांच्या शेजारीं वसलें आहे. नृसिंहाचें मंदिर आणि सरकारी पशुपैदास क्षेत्र यांमुळें जुन्या पुणेकरांस तें ठाऊक आहे. आतां तेथें राजर्षी शाहू अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या शिक्षणसंस्था आहेत, उंच इमारती आहेत, आणि जवळच्या हिंजवडीस रोज कामावर जाणारीं पुष्कळ तरुण माणसें राहतात. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरचा मुलगा, सून किंवा भाचा अशाच एखाद्या इमारतींत राहत असेल. काम काय, असें विचारलें म्हणजे ‘क्लाउडचें’ एवढें उत्तर मिळतें आणि संभाषण तेथेंच संपतें. तें थोडें पुढें जावें, एवढ्यासाठीं हा लेखप्रपंच. कारण ह्या कामाच्या मुळाशीं जो प्रश्न आहे, तो प्रत्येक मोठ्या कुटुंबाच्या परिचयाचा आहे.

क्लाउड ह्या शब्दाचा अर्थ ढग असला, तरी ही वस्तु जमिनीवरच असते. मोठमोठ्या इमारतींतून संगणक रांगेनें मांडलेले असतात. त्यांस अखंड वीज व थंड हवा पुरवावी लागते. हे संगणक, त्यांवरील सांठवणीची जागा व त्यांस जोडणारीं जाळीं वापराच्या मानानें भाड्यानें दिलीं जातात. ॲमेझॉन कंपनीनें असे संगणक भाड्यानें देण्यास २००६ सालीं प्रारंभ केला. मायक्रोसॉफ्टनें सप्टेंबर २०१५ मध्यें हिंदुस्थानांत तीन ठिकाणीं आपलीं केंद्रें उघडलीं. त्यांतील ‘सेंट्रल इंडिया’ म्हणून ओळखलें जाणारें केंद्र पुण्याचें आहे. ॲमेझॉनचें मुंबईचें केंद्र २०१६ सालीं सुरू झालें. ताथवड्याच्या खोलींत बसून कोणी एका ओळींत ‘सेंट्रल इंडिया’ असें लिहितो, तेव्हां खरोखर पुण्यांतील एका यंत्राचा कांहीं भाग त्याच्या नांवें चालू होतो.

प्रारंभीं हीं यंत्रें मागविण्याचा मार्ग साधा होता. कंपनीच्या पानावर जावें, एकामागून एक बटणें दाबावीं, हवें तें निवडावें. दोनचार यंत्रें असतील तोंवर हें ठीक. परंतु तींच दोनशें झालीं म्हणजे कोणतें यंत्र कोणीं, कशासाठीं मागविलें, कोणतें दार कोणासाठीं उघडें ठेवलें, हें कोणासच आठवत नाहीं. ज्या घरांत मुंजीची सारी तयारी एकट्या काकूंच्या डोक्यांत असते, तेथें काकू उभ्या आहेत तोंवर कांहीं अडत नाहीं. त्याच आजारी पडल्या म्हणजे चौरंग कोठें, आचाऱ्यास विसार दिला कीं नाहीं, कोणाकडचें बोलावणें राहिलें, ह्याचा कोणासच पत्ता नसतो. कंपनींतला जाणता मनुष्य नोकरी सोडून गेला म्हणजे तेथेंही हेंच होतें. आणि मध्यरात्रीं दूरध्वनि येतो तो त्याच्या जागीं नव्यानें बसलेल्या मुलास.

ह्यावर उपाय म्हणजे लिहून ठेवणें. पण काय लिहावें, हा विचार महत्त्वाचा आहे. रोजकीर्दीप्रमाणें ‘आधीं हें केलें, मग तें केलें’ असें लिहितां येतें. दुसरा प्रकार यादीचा: शेवटीं काय असावें एवढेंच लिहावयाचें, आणि आज जें आहे त्याच्याशीं तें ताडून उणें तें भरावयाचें व अधिक तें काढावयाचें. अशी यादी दहा वेळां लागू केली तरी परिणाम एकच राहतो. पाट मांडलेले असतील तर पुन्हां मांडले जात नाहींत. नॉर्वेंतील ओस्लो विद्यापीठांत मार्क बर्जेस यांनीं १९९३ सालीं सुरू केलेलें ‘सीएफइंजिन’ ह्या विचाराच्या आद्य साधनांपैकीं एक होय. पुढें ॲमेझॉनचें ‘क्लाउडफॉर्मेशन’ २०११ सालीं व हॅशिकॉर्पचें ‘टेराफॉर्म’ २०१४ सालीं आलें. ‘टेराफॉर्म’ आधीं एक मसुदा दाखवितें: इतकीं यंत्रें नवीं, इतकीं बदलणार, इतकीं नष्ट होणार. माणसानें होकार दिला म्हणजे मग काम सुरू होतें.

ह्या साधनांची भाषा मुद्दाम आंखडती ठेवलेली होती. यादी लिहिण्यास ती पुरे. परंतु एकच मांडणी तीन ठिकाणीं हवी असली, एक प्रयोगासाठीं, एक तपासणीसाठीं व एक खऱ्या गिऱ्हाइकांसाठीं, तर मजकुराची पुनरावृत्ति फार होई. तेव्हां असा विचार पुढें आला कीं, जी भाषा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास येतेच, त्याच पायथनांत किंवा टाइपस्क्रिप्टांत ही यादी कां लिहूं नये? अमेरिकेंतील सिअ‍ॅटल येथील ‘पुलुमी’ हें साधन २०१८ सालीं लोकांपुढें आलें, आणि ॲमेझॉनचें ‘क्लाउड डेव्हलपमेंट किट’ २०१९ सालीं सर्वांस खुलें झालें. आतां एकदां रीत लिहावी, तिला नांव द्यावें, आणि तीनदां हांक मारावी. शिवाय लिहिलेलें बरोबर आहे कीं नाहीं, ह्याची परीक्षा खरीं यंत्रें उभीं करण्यापूर्वींच घेतां येते.

येथें चाणाक्ष वाचक विचारतील कीं, प्रोग्रॅम म्हणजे तर कृतींची मालिका. मग यादीचा गुण कोठें राहिला? तो राहतो. हा प्रोग्रॅम चालतो तेव्हां त्यांतून आधीं मागणीचें एक चित्र तयार होतें: कोणत्या वस्तु हव्या व कोणती कोणावर अवलंबून. ॲमेझॉनच्या साधनांत ह्या चित्राचा क्लाउडफॉर्मेशनचा मसुदा बनतो. पुलुमींत तें तिच्या यंत्रणेकडे सोंपविलें जातें, व ती यंत्रणा पूर्वीं नोंदलेल्या स्थितीशीं तें ताडून पाहते. म्हणजे भाषा मोकळी झाली, पण ताडून पाहण्याची शिस्त कायम राहिली.

मात्र मोकळ्या भाषेबरोबर नवी जबाबदारी येते. पुलुमींत एखाद्या वस्तूचें नुसतें नांव बदललें, तरी यंत्रणेस ती निराळी वस्तु वाटते. नवी निर्माण करून जुनी काढून टाकावी, असा तिचा अर्थ होतो. ती वस्तु ग्राहकांच्या नोंदींचा डेटाबेस असेल, तर एका शब्दाच्या हौसेखातर सर्वस्व जावयाचें. म्हणून जुन्या नांवाची ओळख सांगण्याची व मोलाच्या वस्तूस संरक्षण देण्याची सोय तेथें आहे. ती वापरणें आणि मसुदा वाचल्याविना होकार न देणें, हें माणसाच्या हातीं. तसेंच तीनाच्या जागीं तीनशें लिहिलें, तर यंत्र कुरकूर न करतां तीनशें मागवील आणि महिनाअखेर बिल येईल.

आज्ञेंतील एका चुकीचा परिणाम केवढा असतो, हें २८ फेब्रुवारी २०१७ रोजीं जगानें पाहिलें. ॲमेझॉनच्या व्हर्जिनियांतील सांठवण-सेवेंत थोडे संगणक बाजूस काढावयाचे होते. आज्ञेंतील एक शब्द चुकला आणि फार मोठा समूह निघून गेला. सुमारें चार तास असंख्य संकेतस्थळें बंद पडलीं. पुढें कंपनीनें त्या साधनांतच बंधन घातलें कीं, ठराविक मर्यादेखालीं संख्या जाऊंच नये. चूक माणसाकडून होणारच, असें धरून साधनासच आवर घालणें हा त्यांतील शहाणपणा आहे. आणि अशीं बंधनें लिहिण्यास मोकळी भाषा फार उपयोगी पडते.

आमच्या मतें सर्वांत मोठा धोका निराळाच आहे. मोकळ्या भाषेंत चातुर्य दाखवितां येतें. चार ओळींचें काम एका गूढ ओळींत बसवितां येतें, रीतींच्या पोटांत रीती घालतां येतात. लिहिणाऱ्यास त्याचें समाधानही वाटतें. पण पुढच्या माणसास ती ओळ वाचतां आली नाहीं, तर सारें ज्ञान पुन्हां एकाच्याच डोक्यांत कोंडलें गेलें. काकूंची यादी लिहिली खरी, पण ती फक्त काकूंसच कळणारी! ज्या दोषाच्या निवारणासाठीं हा खटाटोप, तोच मागल्या दारानें घरांत येतो. म्हणून येथें सामर्थ्यापेक्षां संयमाची किंमत अधिक. साधीं नांवें, थोड्या रीती, आणि हें असें कां केलें ह्याचें एक स्पष्ट वाक्य, एवढ्यानें नवागत मनुष्य मध्यरात्रींही मार्ग काढूं शकतो.

वडील मंडळींनीं आपल्या मुलांस ह्यापुढें एवढेंच विचारावें: ‘तूं चार दिवस रजेवर गेलास, तर तुझें लिहिलेलें वाचून दुसऱ्यास काम चालवितां येईल काय?’ ज्याला ‘होय’ म्हणतां येईल, त्याची रजा सुखाची जाईल आणि त्याच्या सोबत्यांची झोंपही.