पक्षिविशेष

मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी पक्षिनिरीक्षण हा विषय निवडावा, याचे शाळेच्या चालकांना आश्चर्य वाटले आणि ते त्यांनी लपविलेही नाही. त्यांना बहुधा संतवाङ्मयाची अपेक्षा असावी. परंतु या विषयाकडे मी आलो तो काव्याच्याच वाटेने, आणि तेही फार उशिरा.

पस्तीस वर्षे मी वर्गात चक्रवाक शिकविला. रात्र पडताच नदीच्या दोन तीरांवर विलग होणारे आणि एकमेकांना साद घालीत राहणारे ते जोडपे, हा संस्कृत आणि प्राचीन मराठी काव्यातील रूढ कविसंकेत. चक्रवाक म्हणजे काय, असे एखाद्याने विचारलेच, तर जुन्या टीकाकारांचे उत्तर तयार असे : 'पक्षिविशेष'. चातक म्हणजे काय? पक्षिविशेष. चकोर? तोही पक्षिविशेष. अध्यापकाच्या अज्ञानावर इतके सभ्य पांघरूण दुसरे नसेल! एकदा एका विद्यार्थिनीने सरळच विचारले, "सर, आपण तो पाहिला आहे का?" मी हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र माझ्यापाशीच राहिला.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात एक माजी विद्यार्थी मला वढवाण्याच्या तलावावर घेऊन गेला. डभोईजवळचा हा तलाव श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९०९-१० च्या सुमारास, शेतीला पाणी मिळावे म्हणून बांधण्यात आला. २०२१ मध्ये त्याची रामसर पाणथळींच्या यादीत नोंद झाली. ज्या जलाशयाची ख्याती आज जगभर गेली आहे, तो वडोदऱ्यापासून जेमतेम दीड तासाच्या अंतरावर असूनही मी साठी उलटेपर्यंत तेथे पाऊल टाकले नव्हते, ही कबुली देणे भाग आहे.

पहाटेचे धुके विरू लागले तेव्हा पलीकडच्या चिखलात केशरी-तांबूस अंगाची, फिकट डोक्याची दोन बदके उभी दिसली. विद्यार्थी हळूच म्हणाला, "सर, तुमचा चक्रवाक." येथील गुजराती मंडळी त्याला भगवी सुरखाब म्हणतात. त्यातील एकाने मान उंचावून सानुनासिक, काहीसा करुण हुंकार दिला. दुसऱ्याने तसाच प्रतिसाद दिला. माझ्या हातातली दुर्बीण थरथरली, हे सांगण्यास आता संकोच वाटत नाही.

हा पक्षी लडाख, तिबेट आणि मध्य आशियातील उंच प्रदेशांत कड्यांच्या कपारींत व बिळांत अंडी घालतो आणि हिवाळ्यापुरता आपल्याकडे उतरतो. जोडी सहसा एकत्र असते. मात्र तो बराचसा निशाचर आहे. रात्री चरताना दोघे एकमेकांपासून दूर जात असतील आणि हाकेने संपर्क राखीत असतील, तर कविसंकेताचे मूळ येथेच सापडावे, असा माझा तर्क आहे. प्राचीन काळी कोणीतरी अंधारात नदीकाठी बसून तो आवाज ऐकला होता. मी मात्र दिव्याखाली बसून त्यावर टिपा काढीत होतो.

त्याच तलावावर पट्टकादंब येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंसकुळातील पक्षी हिमालय ओलांडून येतात. त्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिन विरळ हवेतही प्राणवायू चांगला धरून ठेवते, आणि सात हजार मीटरांहून अधिक उंचीवर त्यांचे उड्डाण नोंदले गेले आहे. चातकाचीही कथा अशीच. तो पावसाच्या तोंडावर आफ्रिकेकडून येतो आणि आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालून मोकळा होतो. केवळ मेघजलावर जगणाऱ्या त्या व्रतस्थाचे हे प्रपंचातील वर्तन वर्गात सांगावयास मिळाले असते, तर विद्यार्थी जागे राहिले असते!

छायाचित्रणाकडे मी वळलो तो विसरभोळेपणामुळे. पाहिलेले घरी येईपर्यंत स्मरणातून निसटे. कॅमेऱ्याने धरलेले नंतर निवांतपणे वाचता येते. चक्रवाकाच्या नराच्या मानेवर विणीच्या काळात येणारे बारीक काळे कडे मला प्रथम दिसले ते छायाचित्रातच. या विद्येचे नियम थोडे आहेत. सूर्य पाठीशी असावा. पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर यावे. त्यासाठी चिखलात पालथे पडावे लागले तरी पडावे (सत्तरीनंतर उठविण्यास सोबती लागतो). नेम डोळ्यावर धरावा, कारण डोळा अस्पष्ट आला की बाकीचे सारे स्पष्ट असूनही चित्र निर्जीव वाटते. उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापर्यंत न्यावा. आणि हे सारे करण्यापूर्वी अर्धा तास नुसते बसावे. पक्षी आपल्याला विसरला की मगच तो स्वतःचे उद्योग सुरू करतो.

हा सराव मी कमाटीबागेत केला. १८७९ पासूनची ती बाग आपणा सर्वांच्या बालपणाची साक्षीदार आहे, आणि तेथील पिंजऱ्यांपुढे उभे राहून आपण शेंगा खाल्ल्या आहेत. जाळीला भिंग अगदी भिडवून छिद्र मोठे ठेवले की जाळी चित्रातून नाहीशी होते. पोपट चोचीचा तिसऱ्या पायासारखा उपयोग करून कसा चढतो, त्याची दोन बोटे पुढे व दोन मागे कशी असतात, हे हातभर अंतरावरून पाहण्यात निखळ आनंद आहे, आणि तो मी नाकारणार नाही. तरीही घरी ती चित्रे चाळताना एक गोष्ट खटकू लागली. शेकडो चित्रांत पंख पूर्ण पसरलेला पोपट एकही नव्हता. आमच्या घरीही आजीचा पोपट होता. त्याला 'विठ्ठल विठ्ठल' म्हणता येई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आज देशी पोपट घरी बाळगणे हा गुन्हा आहे. त्या काळी ते पुण्य मानले जाई.

पण पिंजऱ्यावर बोलण्याचा मला फारसा अधिकार नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये आमच्या अंगणातल्या मधुमालतीत बुलबुलाने घरटे केले. तीन पिल्ले होती. वेलीच्या सावलीमुळे चित्र काळपट येई, म्हणून दोन फांद्या मी सुतळीने बाजूला बांधल्या. कोवळे ऊन नेमके पिल्लांच्या उघड्या, केशरी मुखांवर पडले आणि मला हवे होते ते चित्र मिळाले. मी आनंदाने आत येऊन ते पत्नीला दाखविले, जेवलो, आडवा झालो. सुतळी सोडावयाची राहिली. दुपारी कावळ्यांचा गलका ऐकून बाहेर धावलो तेव्हा घरटे रिकामे होते. बुलबुलाची जोडी संध्याकाळपर्यंत चोचीत किडे घेऊन त्या फांदीवर येत राहिली.

ते माझे तांत्रिकदृष्ट्या सर्वांत चांगले छायाचित्र आहे. आजच्या पडद्यावर मी ते दाखविणार नाही. तेव्हापासून घरट्याचे चित्र मी काढलेले नाही. या सभेत मोठी भिंगे बाळगणारे तरुण माजी विद्यार्थी बरेच आहेत. तुम्हीही काढू नये, अशी माझी विनंती आहे. पाणथळीवरही पक्षी माना उंच करून आपल्याकडे पाहू लागले की तेथेच थांबावे. तो इशारा असतो. उडालेला थवा चित्रात सुंदर दिसतो खरा. पण हिमालय ओलांडून आलेल्या जिवाची विश्रांती मोडून तो उडविलेला असतो.

नावांसाठी सलीम अलींचे १९४१ साली प्रथम निघालेले 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' आणि मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' हे दोन ग्रंथ शाळेच्या ग्रंथालयास मी देत आहे. वढवाण्यास डिसेंबर-जानेवारीत जावे, उजाडण्यापूर्वी पोहोचावे आणि मातकट रंगाचे कपडे घालावेत. दुर्बीण नसेल तर माझ्याकडे दोन आहेत. एक मागून न्यावी.