हिरड्या दिसतात? आधी कारण शोधा!

खळखळून हसलं की दातांबरोबर हिरड्याही दिसतात? दंतवैद्य याला ‘गमी स्माइल’ म्हणतात. हा आजार नव्हे. तरीही फोटो काढताना ओठ घट्ट मिटणारे कितीतरी जण आहेत. त्यांच्यासाठी ही खास माहिती.

किती म्हणजे जास्त? हसताना वरची हिरडी 1-2 मिलिमीटर दिसणं अगदी नेहमीचं. 3-4 मिलिमीटरच्या पुढे गेली की डोळ्यांत भरते.

ओठांची धाव : हसताना वरचा ओठ साधारण 6 ते 8 मिलिमीटर वर जातो. काहींचा त्याहून जास्त पळतो. मग दात-जबडा ठाकठीक असूनही हिरड्या दिसतात.

दात आखूड? छे, झाकलेले! काहींच्या हिरड्या दात उगवल्यावर पुरेशा वर सरकतच नाहीत. डॉक्टर खुणांची बारीक सळई हिरडीखाली हलकेच सरकवतात आणि इनॅमल कुठं संपतं ते चाचपतात. दात झाकलेला निघाला, तर जादा हिरडी, कधी थोडं हाडही काढून तो मोकळा करता येतो.

गोळ्यांचा प्रताप : फिट्सवरची फेनिटॉइन, ब्लड प्रेशरवरची अॅम्लोडिपिन यांनी काहींच्या हिरड्या वाढतात. गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

हाडं मोडली, वाट सापडली : फ्रेंच सर्जन रेने ल फोर यांनी मृतदेहांवर आघात करून चेहऱ्याची हाडं कुठं मोडतात ते पाहिलं आणि 1901 मध्ये निष्कर्ष मांडले. वरचा जबडा उभा जास्त वाढला असेल, तर आज त्यांच्याच नावाच्या ‘ल फोर 1’ रेषेवर तो कापून वर बसवतात. त्याआधी चेहऱ्याचा बाजूनं एक्स-रे काढतात.

नेमका बिंदू : ओठ उचलणारे तीन स्नायू नाकाशेजारी जिथं जवळ येतात, तो ‘योन्सेई पॉइंट’. तिथं बोटॉक्स दिलं की ओठ कमी उचलला जातो. असर मात्र काही महिन्यांपुरताच.

वयाची मदत : वय वाढतं तसा वरचा ओठ खाली उतरतो आणि हिरड्या आपोआप कमी दिसू लागतात.

हसू एकसारखं दिसलं तरी एकाला इंजेक्शन पुरतं, दुसऱ्याला तारा लावाव्या लागतात, तिसऱ्याला ऑपरेशन. म्हणून खर्च विचारण्याआधी ‘माझ्या बाबतीत कारण काय?’ हे विचारा. आणि तुम्हाला काहीच खटकत नसेल, तर उपचारांची गरजच नाही. मनमोकळं हसा!