लिंप करणाऱ्यांवर रेझ: कोणत्या पानांनी?

पेडण्यातल्या मोपा विमानतळावर उतरून पर्यटक मांडवीवरच्या कॅसिनोंत पोकर खेळायला जातात. 

समजा तिथल्या एका टेबलावर ब्लाइंड, म्हणजे डावाआधीच्या सक्तीच्या पैजा, 100-200 आहेत. दोघं नुसते दोनशे भरून, म्हणजे लिंप करून, आत आले. बटनवरच्या, म्हणजे वाटपाच्या जागेवरच्या, खेळाडूकडे एक्का-राणी. त्याने बाराशेची रेझ करावीच: बिग ब्लाइंडच्या चौपट, शिवाय प्रत्येक लिंपरमागे आणखी एक. लिंप करणारे बरेचदा एक्का-पंजी, राणी-दश्शी धरून बसतात. एक्का-पंजीविरुद्ध एक्का-राणी साधारण 70 टक्के वेळा जिंकते! मोठ्या जोड्या, एक्का-गुलाम, राजा-राणी याच पंगतीतल्या.

एकाच रंगाची सत्ती-छक्की मात्र स्वस्तात, चार-पाच जणांत खेळावी. फ्लश, म्हणजे एकाच रंगाची पाच पानं, लागला तर पॉट मोठा मिळतो.